लहान गांव आणि स्वतःचे पोलीस

ज्या गांवची वस्ती हजार-बाराशेंची, ज्यांत एक टपालकचेरी, एक शाळा, दोनतीन दुकानें आणि मधून जाणारा एक हमरस्ता एवढाच काय तो पसारा, अशा गांवानें स्वतःची निराळी पोलीसफौज बाळगावी काय? हा प्रश्न प्रथम ऐकतां आमच्या वाचकांस चमत्कारिक वाटेल. आपल्याकडे पोलीस हें खातें राज्यसरकारचें. ग्रामपंचायतीनें दिवाबत्ती करावी, नळ बसवावे, गटारें काढावीं. पण तिनें फौजदार नेमावा ही गोष्ट कोणाच्या स्वप्नांतहि येत नाहीं. परंतु अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत हा प्रश्न रोजचा आहे, आणि तो केवळ जमाखर्चाचा नाहीं. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत तेथील कित्येक चिमुकल्या गांवांनीं त्याचें जें उत्तर दिलें, त्यापायीं गरीब माणसांची कमाई गेली, कित्येकांस तुरुंग पाहावा लागला, आणि एके ठिकाणीं तर वर्तमानपत्राच्या कचेरीवर धाड पडली. स्वराज्य किती लहान भांड्यांत मावतें आणि कोणती सत्ता त्या भांड्यांत ठेवूं नये, हें ज्यांस समजून घ्यावयाचें असेल त्यांनीं ह्या प्रश्नाकडे लक्ष देणें अवश्य आहे.

प्रथम वस्तुस्थिति पाहूं. अमेरिकेंत लहानमोठ्या मिळून सुमारें १८,००० पोलीससंस्था आहेत. त्यांपैकीं सुमारें १२,००० संस्था शहरांच्या व गांवांच्या स्वतःच्या आहेत. २०१३ सालच्या सरकारी पाहणीप्रमाणें ह्या स्थानिक खात्यांपैकीं जवळजवळ निम्म्या खात्यांत दहाहून कमी पोलीस होते. गांवाच्या वर काउंटी म्हणजे आपल्या तालुक्या-जिल्ह्यासारखा विभाग असतो, व काउंटीच्या पोलीसबंदोबस्ताचा मुख्य तो शेरीफ. मुंबईस शेरीफ हें पद केवळ मानाचें म्हणून वाचकांनीं ऐकलें असेल; तिकडे तो बहुतेक ठिकाणीं लोकांनीं निवडून दिलेला खराखुरा अंमलदार असतो. त्याच्याहि वर राज्याचे पोलीस आहेत. म्हणजे ज्या गांवास स्वतःचें खातें नाहीं तें अगदींच उघडें पडतें असें नाहीं. प्रश्न एवढाच कीं, शेरीफ असतां गांवानें आपली वेगळी चूल मांडावी कीं नाहीं.

ही वेगळी चूल मूर्खपणानें मांडली गेली असें आम्ही म्हणत नाहीं. सत्ता जितकी दूर तितकी ती बहिरी, हा अनुभव जगांतील सर्व लोकांचा आहे. ज्या शिपायास गांवांतील म्हातारी नांवानें ओळखते, कोणाचा मुलगा वाईट संगतीस लागला आहे हें ज्यास ठाऊक आहे, तो शिपाई चाळीस मैलांवरून आलेल्या अनोळखी अंमलदारापेक्षां सौम्यपणानें व शहाणपणानें वागेल, ही अपेक्षा वाजवी आहे. स्थानिक स्वराज्याचा आम्हांसहि तितकाच अभिमान आहे. शाळा, पाणी, रस्ते, दवाखाना हीं कामें गांवानें जितकीं आपल्या हातीं घ्यावीं तितकीं थोडींच. परंतु नळ चुकीच्या जागीं बसला तर तो काढून दुसरीकडे बसवितां येतो. निरपराध मनुष्याची अटकेंत गेलेली रात्र परत देतां येत नाहीं. ज्या सत्तेचा हात थेट माणसाच्या दंडाला धरतो, ती सत्ता इतर ग्रामकृत्यांच्या पंक्तीला बसवितां येत नाहीं.

आतां हिशेबाकडे वळूं. आठवड्याचे तास १६८. एक मनुष्य चाळीस तास काम करतो असें धरलें तर केवळ एक शिपाई अहोरात्र हजर ठेवण्यास चार माणसें पुरत नाहींत. रजा, आजार व शिक्षण जमेस धरतां पांच लागतात. त्या पांचांचे पगार, मोटार, हत्यार, बिनतारी यंत्र, कोठडी, कागदपत्र आणि शिपायाच्या हातून अन्याय झाल्यास भरावयाच्या नुकसानभरपाईचा विमा, हा सारा बोजा तीन-चारशें घरांनीं उचलावयाचा. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला म्हणतात तो हाच प्रकार. मिनेसोटा राज्यांतील गुडह्यू ह्या सुमारें तेराशें वस्तीच्या गांवांत २०२३ च्या ऑगस्ट महिन्यांत काय झालें तें पाहा. मुख्य पोलीस अधिकाऱ्यानें गांवच्या सभेस बजावलें कीं, तासास बावीस डॉलर पगारावर माणूस मिळत नाहीं. पुढें त्यानें व त्याच्या हाताखालच्या सर्वांनीं राजीनामे दिले. गांवानें अखेर काउंटीच्या शेरीफशीं करार केला. गुडह्यूच्या लोकांनीं कोणाचें वाईट केलें नाहीं. जें परवडत नव्हतें तें सोडलें, इतकेंच.

पण ज्या गांवांस परवडत नाहीं आणि सोडवतहि नाहीं, त्यांची गोष्ट निराळी. पैसा करांतून येत नसेल तर तो दुसरीकडून आला पाहिजे; आणि गांवाच्या अंगावरून हमरस्ता जात असेल तर त्या रस्त्यावरचा प्रत्येक परका मोटारवाला हें आयतें कूळ होतें. ओहायो राज्यांत कोलंबस शहराच्या पश्चिमेस न्यू रोम नांवाचें खेडें होतें. २००० सालच्या खानेसुमारींत त्याची लोकसंख्या साठ भरली. ह्या साठ माणसांच्या रक्षणास डझनभराहून अधिक अर्धवेळ पोलीस होते! गांवाच्या हद्दींत शिरतांच रस्त्यावरील वेगाची मर्यादा एकदम ताशीं ४५ मैलांवरून ३५ मैलांवर उतरे, आणि तेथेंच पोलीस उभा असे. अखेर राज्याच्या सरकारी वकिलास कोर्टांत जावें लागलें आणि २००४ सालीं न्यायालयाच्या हुकुमानें तें गांव, गांव म्हणून मोडून टाकण्यांत आलें. पोलीसखातें गांवासाठीं नव्हे, तर गांव पोलीसखात्यासाठीं उरलें होतें, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

फ्लॉरिडांतील वाल्डो ह्या सुमारें हजार वस्तीच्या गांवचा मासला असाच. तेथील सात पोलिसांनीं २०१३ ह्या एका वर्षांत वेगमर्यादेच्या जवळजवळ बारा हजार पावत्या फाडल्या आणि चार लाखांहून अधिक डॉलर दंड गोळा केला. गांवच्या एकंदर उत्पन्नाचा हा तिसरा हिस्सा. पुढील वर्षीं तेथील शिपायांनींच धीर करून नगरसभेपुढें सांगितलें कीं, बारा तासांच्या पाळींत प्रत्येकानें बारा पावत्या केल्याच पाहिजेत असा दंडक आम्हांस घालून दिला आहे. तशी सक्ति करणें फ्लॉरिडाच्या कायद्यानें मना आहे. २०१४ सालींच सभेनें तें खातें बंद केलें. ज्या शिपायांनीं हें सांगितलें त्यांची नोकरी त्याबरोबरच गेली, हेंहि नमूद करणें न्याय्य होईल. दोष बहुधा शिपायाचा नसतो. ज्यानें त्याच्या हातीं पावतीपुस्तकाबरोबर मागणीचा आंकडा दिला, त्याचा असतो.

परक्यांचेच खिसे रिकामे होतात, गांवकऱ्यांस काय त्याचें, असें कोणास वाटेल. तेंहि खरें नाहीं. एकदां दंडावर पोट भरण्याची संवय लागली म्हणजे घरचा आणि परका हा भेद राहत नाहीं. अलाबामा राज्यांतील ब्रुकसाइड ह्या १,२५३ वस्तीच्या गांवांत २०१८ नंतर पोलीसदल भराभर वाढविण्यांत आलें. दोन वर्षांत दंड व जप्तीचें उत्पन्न ६४० टक्क्यांनीं वाढलें आणि गांवाच्या एकंदर उत्पन्नाचा जवळजवळ अर्धा भाग त्यांतून येऊं लागला. क्षुल्लक निमित्तानें मोटारी अडवून ओढून नेल्या जात. बर्मिंगहॅमच्या पत्रकारांनीं २०२२ च्या आरंभीं हें सारें उजेडांत आणलें, तेव्हां मुख्य अधिकाऱ्यास राजीनामा द्यावा लागला. त्या पत्रकारांस पुढील वर्षीं पुलित्झर पारितोषिक मिळालें.

मिसिसिपींतील लेक्सिंग्टन गांवची कथा तर ह्याहून करुण आहे. सुमारें बाराशें वस्ती, बहुतेक कृष्णवर्णीय व गरीब, आणि पोलीस दहाहूनहि कमी. संयुक्त संस्थानांच्या न्यायखात्यानें चौकशी करून सप्टेंबर २०२४ मध्यें जो अहवाल काढला, त्यावरून दोन वर्षांत त्या गांवांत चार माणसांमागें जवळजवळ एक अटक झाली होती, आणि गांवकऱ्यांच्या डोक्यावर पोलीसखात्याच्या दंडाची थकबाकी १७ लाख डॉलर इतकी सांचली होती. दंड भरण्याची ऐपत आहे कीं नाहीं हें न पाहतां माणसांस कोठडींत टाकण्यांत येत होतें. आमच्या शेतकऱ्यास सावकाराच्या खतावरील व्याज ठाऊक आहे. पण सावकार निदान पोलिसाच्या पोशाखांत येत नसे. कुंपणानेंच शेत खाल्लें तर दाद कोणाजवळ मागावी?

ह्या रोगाचें मूळ अमेरिकेच्या न्यायाधीशांस फार पूर्वीं कळलें होतें. ओहायोंतील नॉर्थ कॉलेज हिल ह्या खेड्याचा नगराध्यक्ष स्वतःच दारूबंदीचे खटले चालवी. आरोपी दोषी ठरल्यास त्यास मेहनताना मिळे, आणि दंडांतील वांटा खेड्याच्या तिजोरींत पडे. आरोपी सुटला तर नगराध्यक्षास कांहींच मिळत नसे. टमी नांवाच्या इसमास त्यानें शंभर डॉलर दंड केला, त्यांत ह्या न्यायाधीशमहाराजांची प्राप्ति बारा डॉलर. १९२७ सालीं वरिष्ठ न्यायालयानें हा प्रकार घटनाबाह्य ठरविला, व तो निकाल सरन्यायाधीश टॅफ्ट ह्यांनीं लिहिला. पुढें १९७२ सालीं त्याच राज्यांतील मनरोव्हिल खेड्याचा खटला आला. तेथें नगराध्यक्षाच्या स्वतःच्या खिशांत कांहीं जात नव्हतें. पण १९६४ सालीं गांवच्या उत्पन्नाचा निम्म्याहून अधिक भाग त्याच्याच कोर्टांतून आला होता. ज्याच्यावर गांवाचा जमाखर्च जुळविण्याची जबाबदारी, तो दंडाच्या बाबतींत निःपक्षपाती राहूं शकत नाहीं, असा निकाल झाला. हें तत्त्व न्यायाधीशास लागू असेल तर तें पोलिसास कां लागू नसावें? न्यायाधीशापुढें निदान दोन बाजू मांडल्या जातात. रस्त्यावर मोटार अडविणाऱ्या शिपायापुढें एकच बाजू असते, व ती त्याची स्वतःची.

येथें कोणी म्हणेल कीं, दंडाच्या उत्पन्नास कायद्यानें मर्यादा घाला म्हणजे झालें. त्यासाठीं पोलीसखातें मोडण्याचें कारण काय? असे कायदे झाले आहेत व ते चांगले आहेत. मिसूरी राज्यांत मॅक्स क्रीक नांवाच्या खेड्यानें पावत्यांचा इतका कहर केला कीं १९९५ सालीं त्याच्याच नांवानें ओळखला जाणारा कायदा करावा लागला. २०१५ सालीं ती मर्यादा आणखी खालीं आणण्यांत आली. ब्रुकसाइडच्या बोभाट्यानंतर अलाबामानेंहि २०२२ सालीं तशीच मर्यादा घातली. पण ह्यानें अर्धेंच काम होतें. मर्यादेच्या आंतील दंडावर गांवाचा लोभ कायमच राहतो. शिवाय मॅक्स क्रीकचा पुढील इतिहास बोलका आहे: दंडाचा ओघ आटतांच गांवाचें दिवाळें निघालें आणि शेवटीं गांव म्हणून असलेलें त्याचें अस्तित्वहि संपलें. जें खातें दंडावांचून एक वर्षहि जगूं शकत नाहीं, त्याची गरज गांवास कधींच नव्हती, हें ह्यावरून सिद्ध होतें.

दुसरें असें कीं, सगळा अनर्थ पैशाचाच नसतो. लहान गांवांत सत्ता आणि रागलोभ एकाच गल्लींत राहतात. कॅन्सस राज्यांतील मॅरियन हें सुमारें १,९०० वस्तीचें गांव. तेथें 'मॅरियन काउंटी रेकॉर्ड' नांवाचें साप्ताहिक निघतें. ११ ऑगस्ट २०२३ रोजीं गांवच्या पोलिसांनीं ह्या साप्ताहिकाच्या कचेरीची, संपादकांच्या घराची आणि नगरसभेच्या एका सभासद बाईंच्या घराची झडती घेऊन संगणक व फोन जप्त केले. ज्या मुख्य अधिकाऱ्यानें ही धाड घातली, त्याच्या पूर्वीच्या नोकरींतील वर्तनाविषयीं हेंच पत्र चौकशी करीत होतें. संपादकांच्या मातोश्री, पत्राच्या सहमालक, वय वर्षें अठ्ठ्याण्णव, दुसऱ्याच दिवशीं निवर्तल्या. पांच दिवसांनीं काउंटीच्या सरकारी वकिलानें पुरावा अपुरा म्हणून वॉरंट मागें घेतलें व वस्तु परत केल्या. अधिकारी ऑक्टोबरांत राजीनामा देऊन गेला व पुढील वर्षीं त्याच्यावर फौजदारी खटला झाला. आम्ही वर्तमानपत्रवाले म्हणून हें लिहीत आहों असें नव्हे. ज्या गांवांत पोलिसांचा मुख्य कोणावर रुष्ट झाला हें त्याच्या वरच्यास कळण्यापूर्वींच दार फोडलें जातें, तेथें आज संपादकाची पाळी असेल, उद्यां वाण्याची, परवां शाळामास्तराची. मात्र ह्या धाडींत काउंटीच्या शेरीफचीं माणसेंहि सामील होतीं, हें आम्ही लपवूं इच्छीत नाहीं. केवळ मोठेपणा हें दुष्टपणावरचें औषध नव्हे. त्याचा विचार पुढें करूं.

आपल्या वाचकांस हा अनुभव अगदींच परका वाटूं नये. आपल्या जुन्या गांवगाड्यांतहि गांवचा बंदोबस्त गांवाचाच होता. पाटील मुख्य, त्याच्या हाताखालीं जागले, रामोशी, महार. चोरीचा माग पुढच्या गांवच्या शिवेपर्यंत काढून देण्याची जबाबदारी ह्या पहारेकऱ्यांवर असे. त्या व्यवस्थेचें कौतुक पुष्कळ झालें आहे, व त्यांत कांहीं गुण होते हें कोणी नाकारणार नाहीं. पण तो पहारा कोणाच्या पाठीवर चाले? महार वतनाच्या नांवाखालीं एका जातीकडून पिढ्यान्पिढ्या रात्रंदिवस राबवून घेतलें जाई आणि मोबदला नांवापुरता मिळे; तें जोखड काढण्यासाठीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांस १९२८ सालीं मुंबई कायदेमंडळांत बिल आणावें लागलें. त्यांनींच ४ नोव्हेंबर १९४८ रोजीं घटनासमितींत खेड्याच्या भाबड्या स्तुतीचा कडक समाचार घेतला व राज्यघटनेचा घटक खेडें न धरतां व्यक्ति धरली ह्याबद्दल समाधान व्यक्त केलें. त्यांचा मुद्दा पोलिसांपुरता नव्हता; तरी येथें तो पूर्णपणें लागू पडतो. जेथें समाज लहान तेथें बलवानाचा हात जवळ आणि दुर्बळाची दाद दूर. दंडसत्ता अशा ठिकाणीं गांवाच्या हातीं देणें म्हणजे व्यवहारांत ती गांवांतल्या चार घरांच्या हातीं देणें होय.

इतकें म्हटल्यावर प्रतिपक्षाचा सर्वांत बळकट मुद्दा टाळणें अप्रामाणिकपणाचें होईल. तो असा कीं, स्वतःचें पोलीसखातें नसलेलें गांव संकटाच्या वेळीं दुसऱ्याच्या दयेवर राहतें. ओहायोंत सिनसिनाटीजवळ लिंकन हाइट्स हें कृष्णवर्णीयांनीं स्वतःच्या हिमतीवर वसविलेलें व स्वतः कारभार पाहिलेलें गांव आहे. २०१४ सालीं विमा देणाऱ्यांनीं हात काढून घेतल्यामुळें त्याचें पोलीसखातें बंद पडलें व बंदोबस्त शेरीफकडे गेला. फेब्रुवारी २०२५ मध्यें हत्यारबंद नाझीपंथी लोकांनीं गांवाच्या शिवेवरील पुलावर आपले झेंडे फडकविले. रहिवाशांनींच धांवून जाऊन त्यांस हुसकून लावलें. पोलिसांनीं ह्या घुसखोरांस मोकळें जाऊं दिलें हें त्यांचें गाऱ्हाणें, आणि त्यानंतर गांवचे लोक स्वतः बंदुका घेऊन पहारा करूं लागले. शेरीफचा करार कागदावर उत्तम असेल. पण ज्या दिवशीं गांवास वाटलें कीं आलेला पोलीस आपला नव्हे, त्या दिवशीं त्या कराराची किंमत काय राहिली? स्वतःचे पोलीस नकोत असें म्हणणाऱ्या प्रत्येकानें ह्या गांवास प्रथम उत्तर दिलें पाहिजे.

आमचें उत्तर असें आहे. येथें दोन भिन्न गोष्टींची गल्लत होते: पोलीस जवळ असणें ही एक, आणि पोलीस गांवाच्या मालकीचे असणें ही दुसरी. गांवास पहिल्या गोष्टीची खरी गरज आहे. दुसरी हा केवळ ती मिळविण्याचा एक मार्ग, व तो महाग आणि धोक्याचा. इंग्लंडनें हा भेद शंभर-दीडशें वर्षांपूर्वीं ओळखला. १८५६ च्या कायद्यानें प्रत्येक काउंटीस पोलीसदल ठेवणें भाग पडलें, आणि सरकार पोलिसांच्या पगार-पोशाखाचा चौथा हिस्सा देऊं लागलें. पण पांच हजारांहून कमी वस्तीच्या शहरांनीं वेगळें दल ठेवल्यास त्यांस ही मदत नाकारण्यांत आली. १८८८ च्या कायद्यानें दहा हजारांखालील शहरांचीं दलें काउंटींत विलीन झालीं, आणि १९४६ च्या कायद्यानें आणखी कित्येक. आज इंग्लंड व वेल्स मिळून प्रादेशिक पोलीसदलें अवघीं ४३ आहेत. म्हणून तेथील खेड्यांतून पोलीस नाहींसा झाला असें नाहीं. कित्येक पिढ्या खेड्यांतील काउंटीचा शिपाई त्याच खेड्यांत सरकारी घरांत राहत असे. तो गांवांत असे, पण गांवच्या मेहेरबानीवर नसे. अलीकडे खर्च वांचविण्यासाठीं ह्या जागा कमी झाल्या व तेथील खेड्यांची तक्रार सुरू झाली, हेंहि खरें. पण ती चूक एकीकरणाची नसून कंजूषपणाची आहे.

तेव्हां अत्यंत लहान गांवानें काय करावें? पहिली गोष्ट, दंडाची एक दमडीहि गांवाच्या तिजोरींत पडूं नये. ती सर्व राज्याच्या सामाईक निधींत जावी. ही एक अट घातली कीं कोणत्या गांवास पोलीस रक्षणासाठीं हवे आहेत आणि कोणत्यास उत्पन्नासाठीं, हें आपोआप उघड होईल. दुसरी गोष्ट, जें गांव केवळ करांच्या बळावर पुरेसे, पूर्णवेळ, शिकलेले व वाजवी पगाराचे पोलीस ठेवूं शकत नाहीं, त्यानें शेजारच्या पांचसात गांवांशीं मिळून एक दल करावें किंवा काउंटीशीं करार करावा. तिसरी, आणि लिंकन हाइट्सच्या लोकांकडे पाहतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट: करार करतांना गांवानें आपली जीभ विकूं नये. अमुक पोलीस ह्याच गांवीं नेमलेले असावे. हांकेला किती वेळांत यावें हें करारांत लिहिलेलें असावें. त्यांच्या मुख्यानें ठरलेल्या दिवशीं गांवाच्या खुल्या सभेपुढें येऊन जाब द्यावा. किती अटका झाल्या व कोणाच्या झाल्या ह्याचा हिशेब सर्वांस पाहावयास मिळावा. आणि तक्रार ऐकणारा मनुष्य ना गांवच्या अध्यक्षाचा ना शेरीफच्या हाताखालचा असावा. मॅरियनसारखा प्रसंग जेथें काउंटीहि सामील होते तेथें ह्या शेवटच्या कलमावांचून तरणोपाय नाहीं.

आपल्या घरच्या प्रश्नाविषयीं दोन शब्द लिहिल्याखेरीज हा लेख पुरा होणार नाहीं. आपल्या राज्यघटनेनें पोलीस हा विषय राज्यांच्या यादींत घातला. दंडाची रक्कम ग्रामपंचायतीकडे जात नाहीं. गांवांत १९६७ च्या महाराष्ट्र ग्रामपोलीस कायद्याखालीं नेमलेला पोलीसपाटील असतो, त्यास मानधन मिळतें व त्यानें वर खबर द्यावयाची असते. म्हणजे न्यू रोम किंवा ब्रुकसाइडचा रोग आपल्यास व्हावयाचा नाहीं. पण आपला रोग उलट्या बाजूचा आहे. ठाणें दूर, दूरक्षेत्रावर माणूस नाहीं, आणि फिर्याद घेऊन गेलेल्या गरिबास दाराशीं तासन्‌तास बसावें लागतें, हीं गाऱ्हाणीं खेड्यापाड्यांतून नित्य ऐकूं येतात. २००६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें प्रकाश सिंग ह्यांच्या दाव्यांत जिल्ह्याजिल्ह्यांत पोलिसांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारें प्राधिकरण नेमण्याचा हुकूम दिला. त्याची अंमलबजावणी अनेक राज्यांत अर्ध्याकच्च्या स्वरूपांत राहिली आहे. अमेरिकेंतील लहान गांवांस पोलीस आपल्या मुठींत असावे असें वाटलें. आपल्या खेड्यांस ते निदान दृष्टीस पडावे असें वाटतें. दोघांचीहि खरी गरज एकच आहे: हांकेच्या अंतरावर असणारा, पोटासाठीं दंडावर अवलंबून नसणारा, आणि चुकल्यास ज्यास कोणीतरी जाब विचारूं शकेल असा पोलीस.

म्हणून आमचें मत स्पष्ट आहे. हजार-बाराशें वस्तीच्या गांवास पोलीस पाहिजे. स्वतःची पोलीसफौज नको. ज्या गांवास ती ठेवण्याचा हट्टच असेल त्यानें आपल्या घरपट्टींतून ती पोसून दाखवावी. तो खर्च एकदां प्रत्येक घराच्या पावतीवर छापून येऊं लागला, म्हणजे हा वाद फार दिवस चालेल असें आम्हांस वाटत नाहीं.